जुन्या टोयोटा पिकअपला पुढून सॉलिड ॲक्सल: आधी स्टेअरिंग, स्प्रिंग शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे: १९८७ ची टोयोटा पिकअप, फोर-व्हील, २२आरई इंजिन. पुढे कंपनीचंच टॉर्शन बारचं स्वतंत्र सस्पेन्शन. ते काढून सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध ॲक्सल), ३५ इंची टायर, लिंका (ॲक्सलला मागे-पुढे धरून ठेवणारे दांडे) आणि कॉइलओव्हर (शॉकअपवरच चढवलेले स्प्रिंग) घालायचे आहेत. वेल्डिंग स्वतःला येतं. गाडी अमेरिकेत आहे, युटामधल्या मोआबच्या खडकांवर न्यायची आहे, पण एरवी तीच कामावर जायलाही लागते. कॉइलओव्हर कोणते घ्यावेत आणि सुरुवात कुठून करावी?

कॉइलओव्हर आत्ता घेऊच नका. बहुतेकांचं काम तिथेच उलटं सुरू होतं. सेलमध्ये कॉइलओव्हर स्वस्त मिळाले म्हणून घेतात, ते बसवायला चेसिसवर उभे टॉवर करतात, टॉवरखाली येईल तिथे ॲक्सल ठेवतात आणि मग उरलेल्या जागेत स्टेअरिंग कोंबतात. अशी गाडी दगडावर उभी करून फोटो काढायला झकास दिसते. हायवेवर ताशी ६० मैलांना एक खड्डा लागला की ती लेन सोडते. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन स्टेअरिंगपासून मागे मागे आखत यायचं असतं: आधी ड्रॅग लिंक (स्टेअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा), तिच्या जोडीने पॅनहार्ड रॉड (ॲक्सल बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा), मग लिंका, मग बंप स्टॉप (ॲक्सलचा वरचा प्रवास थांबवणारा ठोकळा), आणि सगळ्यात शेवटी स्प्रिंग.

त्याआधी हे करायलाच हवं का, ते बघू. १९७९ ते १९८५ च्या टोयोटा फोर-व्हील पिकअपला पुढे पाट्यांच्या स्प्रिंगवर सॉलिड ॲक्सल होता. १९८६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत टॉर्शन बार आला. ऑस्ट्रेलियासारख्या बाजारांत मात्र सॉलिड ॲक्सलची हायलक्स त्यानंतरही मिळत राहिली. तुमचं टॉर्शन बारचं सस्पेन्शन वाईट नाही. कच्च्या रस्त्यावर वेगात जायला ते सॉलिड ॲक्सलपेक्षा चांगलं. त्याची अडचण खडकांवर कळते. आर्म आखूड असल्यामुळे चाकाचा वर-खाली प्रवास मुळात कमी. बार आवळून दोन इंच उंची मिळते, पण ती खाली जाण्याच्या प्रवासातून चोरलेली असते आणि चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टच्या सीव्ही जॉइंटचा कोन वाढतो तो वेगळाच. ब्रॅकेटच्या लिफ्ट किटने गाडी उंच होते, प्रवास तेवढाच राहतो. त्यात या गाड्यांचा आयडलर आर्म (स्टेअरिंगच्या दांड्यांचं दुसरं टोक धरणारा आर्म) मोठ्या टायरपुढे फार टिकत नाही. वाळवंटात धूळ उडवत पळायचं असेल तर हेच ठेवून लांब आर्मचं किट घ्या. मोआबचे दगड चढायचे असतील तर सॉलिड ॲक्सल.

पाटे की लिंका, यावर माझं मत तुम्हाला आवडणार नाही: पहिल्यांदा करत असाल तर पाटे. महाराष्ट्रात जिप्सी किंवा महिंद्राची जुनी एमएम ५४० चालवलेल्यांना पुढचे पाटे नवे नाहीत. पाटा वजनही पेलतो आणि ॲक्सल जागेवरही धरतो, त्यामुळे मोजमापात चुकायला जागा कमी. टोयोटावाल्यांची जुनी युक्ती म्हणजे मागचे पाटे पुढे लावायचे. ते लांब आणि रुंद असतात, वाक चांगला देतात, आणि भंगारात कमी पैशांत मिळतात. पण तुम्ही लिंका हे ठरवूनच विचारलंय, तर पुढचं सगळं थ्री-लिंक (तीन लिंका) आणि पॅनहार्ड धरून सांगतो.

ॲक्सल १९७९ ते ८५ च्या पिकअपचाच शोधा. त्याचं डिफरेन्शिअल उजवीकडे असतं आणि तुमच्या ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीतून) पुढे जाणारा शाफ्टही उजवीकडूनच निघतो. टॅकोमाचं तसं नाही, तिचा डावीकडे; लोक घाईत नेमके तिथे फसतात. चाकाचे सहा बोल्ट १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर, म्हणजे तुमच्या मागच्या चाकांशी जुळणारे. मात्र हा ॲक्सल तुमच्या मागच्या ॲक्सलपेक्षा साधारण तीन इंच अरुंद आहे. तुमच्याच गाडीचे जुने पुढचे हब त्यावर चढवले किंवा दीड-दीड इंचाचे स्पेसर लावले की हिशेब जुळतो. आत ८ इंची क्राउन (डिफरेन्शिअलचा मोठा गिअर) असतो. ८० सीरीजच्या लँड क्रूझरच्या पुढच्या ॲक्सलचा हाय-पिनियन गोळा (पिनियन म्हणजे क्राउनला फिरवणारा छोटा गिअर, तो इथे वरच्या बाजूला असतो) या हाउसिंगमध्ये, म्हणजे ॲक्सलच्या पोकळ कवचात, जरा घासून बसतो. तो मिळाला तर सोडू नका: पिनियन वर आल्याने शाफ्टचा कोन कमी होतो आणि पुढच्या बाजूला त्याचे दात योग्य बाजूने भार घेतात. ३५ च्या टायरला डिफरेन्शिअलमध्ये ५.२९ चं गिअर रेशो लावा, मागे-पुढे एकच.

हाउसिंग तसं नाजूक असतं, म्हणून वरून ट्रस (मजबुतीची पोलादी चौकट) वेल्ड करावी लागते. वेल्डिंग येतं म्हणालात, तरी सांगतो: एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग बीड ओढली तर हाउसिंग केळ्यासारखं वाकेल. दोन-दोन इंचांचे टाके, एक डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये हात लावता येईल इतकं गार होऊ द्यायचं. आतले शाफ्ट आधी काढून ठेवा, आणि शेवटी ते हाताने सरळ आत जातात का बघा. सील जिथे बसतं तिथे अडकले तर हाउसिंग वाकलंय, आणि मग आतलं तेल नकलमध्ये (ॲक्सलच्या टोकाला चाक वळवणाऱ्या भागात) उतरत राहणार.

आता जुनं सस्पेन्शन काढणं. टॉर्शन बारमध्ये ताण साठलेला असतो. मागच्या ॲडजस्टरचा बोल्ट पूर्ण सैल करून ताण शून्यावर आणल्याशिवाय कुठल्याही आर्मला ग्राइंडर लावू नका. बॅटरीची तार काढा आणि इंजिनाच्या कंप्युटरचा प्लगही. नंतर चेसिसवर वेल्डिंग करताना तो जायला वेळ लागत नाही. ब्रॅकेट कापल्यावर खालचं चेसिस घासून चकाचक करायचा मोह होतो. पत्रा तिथे जाड नाही. वेल्डचा उंचवटा थोडा राहू द्या आणि वरून प्लेट चढवा.

आता मुख्य भाग.

तुमच्या गाडीचा स्टेअरिंग बॉक्स चेसिसच्या बाहेर, डावीकडे आहे आणि त्याचा पिटमन आर्म (बॉक्समधून निघून ड्रॅग लिंकला हलवणारा आर्म) आडवा फिरतो. हे तुमच्या पथ्यावर पडतं. १९८५ पर्यंतच्या गाड्यांत ड्रॅग लिंक मागे-पुढे ढकलायची. तिथे हा तुमचाच बॉक्स शोधून लावावा लागतो. म्हणजे तुमचा ड्रॅग लिंक डाव्या पिटमनपासून निघून उजव्या नकलवरच्या आर्मपर्यंत आडवा जाणार. नकलवर उंच स्टेअरिंग आर्म लावा, दोन्ही चाकांना जोडणारा टाय रॉडही वर घ्या, दगडांपासून वाचेल.

ॲक्सल वर-खाली होतो तेव्हा ड्रॅग लिंकचं उजवं टोक पिटमनभोवती कमानीत फिरतं. ती कमान टाळता येत नाही. पॅनहार्ड रॉडचं डावं टोक चेसिसवर आणि उजवं ॲक्सलवर, त्यामुळे ॲक्सलही एका कमानीतच फिरतो. या दोन कमानी एकसारख्या असल्या तर स्टेअरिंगला काहीच कळत नाही. वेगळ्या असल्या तर चाकं आपोआप वळतात. याला बंप स्टिअर म्हणतात.

आकडे घालून बघा. ड्रॅग लिंक ८०० मिलिमीटर लांब, उभ्या गाडीत सपाट. ॲक्सल १२५ मिलिमीटर वर आला की त्याचं टोक जवळपास १० मिलिमीटर आत सरकतं. १७५ खाली गेला तर १९ च्या आसपास. समजा तुम्ही पॅनहार्ड नको म्हणून त्रिकोणी फोर-लिंक केलीत, म्हणजे चार लिंका, त्यातल्या तिरक्या लिंकाच ॲक्सलला बाजूला सरकू देत नाहीत. ॲक्सल मग सरळ वर जातो, बाजूला सरकत नाही. ड्रॅग लिंक मात्र ते १० मिलिमीटर ओढणारच. नकलचा आर्म १५० मिलिमीटरचा असेल तर चाकं पावणेचार अंशांनी वळली, आणि तुमचे हात स्टेअरिंगवर सरळ होते. मोआबमध्ये ताशी तीन मैलांना हे जाणवत नाही. हायवेवर पुलाच्या जोडावर जाणवेल. पुढे त्रिकोणी फोर-लिंक लावणारे म्हणूनच पूर्ण हायड्रॉलिक स्टेअरिंगकडे (दांड्यांऐवजी फक्त तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) जातात. रस्त्यावरच्या गाडीला मी ते लावत नाही. नळी फुटली की स्टिअरिंग व्हील आणि चाकं यांच्यात लोखंडाचा एक तुकडाही उरत नाही.

तेव्हा पॅनहार्ड हवाच, आणि तो ड्रॅग लिंकला समांतर आणि लांबीला तिच्या जवळपास हवा. अगदी मिलिमीटरपर्यंत सारखा करता येत नाही, कारण ॲक्सलकडचं टोक डिफरेन्शिअलच्या आसपासच धरावं लागतं. लांबीत इंच-दोन इंच फरक चालतो. कोनातला फरक मला चालत नाही: शेजारी उभं राहून बघितलं तर दोन्ही रॉड एकाच उताराचे दिसले पाहिजेत. ड्रॅग लिंकला चार अंशांचा उतार असेल तर पॅनहार्डलाही चारच.

आता याला जागा कुठे आहे? चेसिसच्या डाव्या बाजूला एका वितभर जागेत पिटमन आर्म, पॅनहार्डचं ब्रॅकेट, टाय रॉड आणि खालून वर येणारा ॲक्सल, सगळे एकमेकांच्या अंगावर येतात. तुमच्या कामाचे निम्मे दिवस इथेच जाणार. पुठ्ठ्याचे नमुने कापा. ॲक्सल इंचभर पुढे घेतला तर जागाही मोकळी होते आणि ३५ चा टायर फायरवॉलच्या कोपऱ्याला लागत नाही. पॅनहार्डचं ब्रॅकेट चेसिसवरून खाली लोंबणारा एकटा पत्रा नको. चेसिसच्या दोन बाजूंना धरा आणि तिथून समोरच्या चेसिसपर्यंत आडवा पाइप घाला. एकाला गाडीत बसवून, इंजिन चालू ठेवून, स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि ब्रॅकेटवर बोट ठेवा. हलणं बोटाला कळलं तर ते ब्रॅकेट पुरेसं नाही. स्टेअरिंग बॉक्सजवळचं चेसिस या गाड्यांत चिरतं. बोल्टच्या भोकांमधून आरपार स्लीव्ह घाला, मग प्लेट, म्हणजे बोल्ट आवळताना पोकळ चेसिस चेपणार नाही.

लिंकांकडे येऊ. खालच्या दोन, वरची एक. खालच्या उभ्या गाडीत शक्य तितक्या सपाट आणि ट्रान्सफर केसच्या क्रॉसमेंबरपर्यंत (चेसिसच्या आडव्या पट्टीपर्यंत) जातील तितक्या लांब. या गाडीत ३६ इंच सहज मिळतात. ॲक्सलपाशी वरच्या आणि खालच्या लिंकमध्ये उभं अंतर टायरच्या उंचीच्या पाव भाग, म्हणजे साडेआठ-नऊ इंच, धरायची पद्धत आहे. चेसिसकडे त्याहून कमी. जागा नाही म्हणून लोक हे अंतर चार-पाच इंचांवर आणतात. वरच्या लिंकवर काय येतं ते बघा: ब्रेक मारला की जमिनीपाशी चाकाला मागे ओढणारं बळ तयार होतं. खालची लिंक जमिनीपासून १५ इंचांवर आणि वरची तिच्याही वर ८ इंचांवर असेल, तर वरच्या लिंकवर त्या बळाच्या जवळपास दुप्पट ताण येतो. अंतर ५ इंच केलंत तर तिप्पट. तेही एकाच रॉडवर, एकाच बोल्टवर. वरची लिंक बारीक चालते असं कोणी म्हणालं तर ते फोर-लिंकचं ऐकून आलेत.

खाली दोन इंच व्यासाचा, पाव इंच जाडीचा डीओएम (साच्यावरून ओढून काढलेला मजबूत) पाइप, वर पावणेदोन इंचाचा, त्याच जाडीचा. सगळे बोल्ट दोन्ही बाजूंनी पत्र्यात धरलेले. चेसिसच्या टोकाला रबराचा किंवा प्लास्टिकचा बुश असलेला जॉइंट घ्या. दोन्ही टोकांना नुसते स्टीलचे रॉड-एंड लावले तर गाडीत बोलणं ऐकू येणार नाही. एका टोकाला उजवे आणि दुसऱ्याला डावे आटे ठेवलेत तर लिंक न काढता लांबी बदलता येते.

ब्रॅकेट वेल्ड करण्यापूर्वीचा टप्पा घाईत उरकू नका. चेसिस घोड्यांवर चढवा, पाणसळ लावून आडवं-उभं सपाट करा. जुन्या मापांच्या खुणा ओळंब्याने जमिनीवर उतरवून घ्या आणि कर्ण मोजा: चेसिसच्या मागच्या एका भोकापासून ॲक्सलच्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत, दोन्ही बाजूंनी. सगळं फक्त टॅक केलेलं (वेल्डचे छोटे टाके मारलेलं), स्प्रिंग नाहीत, शॉकअप नाहीत. जॅकने ॲक्सल पूर्ण वर न्या. पहिलं माप हे आहे. ऑइल पॅन आणि डिफरेन्शिअल, टाय रॉड आणि चेसिस, पॅनहार्ड आणि क्रॉसमेंबर, कुठेही पाऊण इंचापेक्षा कमी जागा नको, कारण इंजिन स्वतःच्या माउंटवर हलतं. तिथे बंप स्टॉपची जागा ठरली. आता खाली या: १२ इंच प्रवासाच्या शॉकला पाच वर आणि सात खाली अशी वाटणी खडकांसाठी मला पटते. बंपपासून पाच इंच खाली आलात की तुमच्या गाडीची उंची मिळाली. उंची अशी निघते, कॅटलॉगमधून निवडून नाही.

मग एक बाजू पूर्ण वर, दुसरी पूर्ण खाली, आणि स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग उलट. टायर लावूनच करा. हे सगळं सरळ वर-खाली करताना न दिसलेलं काहीतरी इथे नक्की दिसतं: टायर लिंकला घासतो, ड्रॅग लिंक ट्रसला टेकते, पुढचा शाफ्ट बाहेर निघू बघतो. शाफ्टचा सरकणारा भाग पूर्ण खाली असतानाही किमान दोन इंच आत हवा. ब्रेकची नळी याच स्थितीत मोजा.

कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) पाच ते सहा अंश धरा. गोम अशी की ॲक्सल फिरवून कॅस्टर वाढवला की पिनियनचं तोंड खाली जातं आणि शाफ्टच्या क्रॉसचा कोन बिघडतो. नुसती लिंकांची लांबी बदलून दोन्ही एकाच वेळी जुळत नाहीत. यावर उपाय म्हणजे हाउसिंगच्या टोकांचे, नकल ज्यावर बसतात ते गोल कापून, हवे तितके फिरवून पुन्हा वेल्ड करणं. जिग नसेल तर हे काम ॲक्सलच्या दुकानाला द्या. वेल्डिंग येतं म्हणून घरी करू नका. कॅस्टर तीन अंशांवर राहिला तर वळणानंतर स्टेअरिंग स्वतःहून सरळ होणार नाही, आणि मग लोक टायरला दोष देतात.

आता स्प्रिंग. भंगारवाल्याच्या किंवा ट्रकच्या काट्यावर पुढच्या प्रत्येक चाकाचं वजन घ्या, टायर आणि बंपर, विंच सगळं चढवून. समजा एका चाकावर ९०० पौंड आले आणि त्यातले ३०० टायर, ब्रेक आणि अर्ध्या ॲक्सलचे. स्प्रिंगवर ६०० पौंड. एकावर एक दोन स्प्रिंग लावले, १०० आणि १५० चे, तर दोन्ही मिळून ६० पौंड प्रति इंच होतात: गुणाकाराला बेरजेने भागायचं. ६०० ला १० इंच दाब. त्यातले सात इंच खालच्या प्रवासाचे, म्हणून पूर्ण लोंबत्या अवस्थेत तीन इंच आधीच दाबलेला असावा. याने गाडी सेकंदाला साधारण एकदा वर-खाली होते, खडकांवर आणि रस्त्यावर दोन्हीकडे सहन होते. तुमचे आकडे वेगळे येतील, रीत हीच. कॉइलओव्हर तिरके बसवलेत तर दर आणखी थोडा घटतो, तेही धरा. स्प्रिंग पूर्ण दाबला जाण्याआधी बंप स्टॉप लागला पाहिजे आणि शॉक पूर्ण ताणला जाण्याआधी ॲक्सलला खाली रोखणारा पट्टा.

पुण्या-नाशिकहून हेच काम जिप्सीवर करू का असं विचारणाऱ्यांसाठी: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली नोंदणीतल्या तपशिलात बसणार नाही असा बदल चालत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. खाजगी जागेत ट्रेलरवरून नेणार असाल तर गोष्ट वेगळी. अमेरिकेत राज्यागणिक उंचीचे नियम निराळे आहेत. गाडी कापण्याआधी तुमच्या राज्याचा नियम वाचा आणि विम्याच्या कंपनीला लेखी कळवा.

गाडी उतरल्यावर नकलच्या स्टेअरिंग आर्मचे चार स्टड आधी बघा. त्यांच्याखाली शंकूच्या आकाराचे वॉशर असतात, ते सावकाश बसत जातात आणि नट सैल पडतो. पहिल्या ५० मैलांनंतर टॉर्क रेंच लावा, ५०० नंतर पुन्हा. सैल स्टडवर चालवली तर ते एक-एक करून तुटतात. लिंकांचे जॅम नट, पॅनहार्डचे दोन्ही बोल्टही त्याच फेरीत.

ताशी ४५ मैलांच्या आसपास स्टेअरिंग जोरात थडथडायला लागलं तर स्टेअरिंगचा डँपर (हादरे शोषणारा शॉकअप) विकत आणायला धावू नका. तो खोड झाकतो, काढत नाही. पॅनहार्डचा बोल्ट भोकात खेळतोय का, नकलचे बेअरिंग पुरेसे आवळलेत का, चाकाचे बेअरिंग, टायरचं बॅलन्स, याच क्रमाने बघा. बहुतेक वेळा पहिल्या दोनांतच सापडतं. टो-इन (पुढची चाकं पुढच्या बाजूला किंचित आत वळलेली ठेवणं) घरीच करता येतो: टायरच्या मध्यावर खडूने रेघ, पुढच्या बाजूला आणि मागच्या बाजूला टेपने अंतर मोजायचं, पुढे तीन मिलिमीटर कमी. टाय रॉड फिरवल्यावर गाडी दहा फूट पुढे-मागे ढकलून मगच दुसरं माप घ्या, नाहीतर टायर जमिनीला धरून राहिलेला असतो आणि आकडा खोटा येतो.